वाचकांचे प्रश्न : सापांसाठी टबांचे रॅक, कोकणातल्या हवेत

प्रश्न : माझ्याकडे बॉल पायथनची तीन आणि कॉर्न स्नेकची दोन पिल्ले आहेत. सध्या ती वेगवेगळ्या प्लास्टिकच्या डब्यांत, झाकणावर वजन ठेवून सांभाळतो आहे. गावातल्या सुताराकडून प्लायचे रॅक करून घ्यावे आणि त्यात टब सरकवावेत, असा विचार आहे. टब आणून ठेवले आहेत. काठासह त्यांची रुंदी ४२ सेंमी, लांबी ६० सेंमी आणि उंची १८ सेंमी आहे. घर चिऱ्याचे असून वर कौले आहेत. रॅकचे माप कसे काढावे, आणि परदेशी व्हिडिओंत दाखवतात ती गरम होणारी पट्टी मागवावी का? – एक वाचक, देवगड

उत्तर : टब आधी आणि रॅक नंतर, हा आपला क्रम अगदी योग्य आहे. रॅक तयार झाल्यावर बाजारात त्याच मापाचा टब शोधत फिरणे फार त्रासाचे होते, म्हणून आहेत त्याच जातीचे दोन-तीन टब जास्तीचे घेऊन ठेवावेत. टब पॉलिप्रॉपिलीनचे आणि कडक भिंतींचे असावेत. हाताने दाबल्यावर ज्यांचा काठ आत वाकतो, ते या कामाचे नाहीत.

मापाकडे वळण्यापूर्वी कागदपत्रांचे पाहू. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप साइट्स या, वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि तेव्हापासून अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली. २०२४ च्या नियमांनुसार प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर त्याची नोंद करावी लागते; पुढे तो दुसऱ्याला दिला, त्याला पिल्ले झाली किंवा तो दगावला, तर तेही कळवावे लागते. अमेरिकेतला कॉर्न स्नेक साइट्सच्या यादीत नाही, तरीही त्याच्या खरेदीची पावती जपून ठेवावी. नोंदणी राहिली असेल, तर सुताराला बोलावण्याआधी ते काम पूर्ण करावे.

आता रॅकविषयी. या रचनेत टबाला झाकण नसते. वरची फळी हेच त्याचे झाकण. त्यामुळे टबाचा काठ आणि वरची फळी यांच्यातली फट किती राहते, यावर सगळी सुरक्षितता अवलंबून आहे. सापाचे डोके ज्या फटीतून जाते, तिच्यातून उरलेले शरीरही जाते, आणि कॉर्न स्नेकचे पिल्लू तर पेन्सिलीपेक्षा जाड नसते. त्याच्यासाठी दोन मिलिमीटरची फट ही कमाल समजावी. ती नेमकी ठेवण्याचा सोपा उपाय सुताराकडेच असतो. सनमायकाचा पत्रा साधारण एक मिलिमीटर जाडीचा असतो. टब खालच्या फळीवर ठेवावा, त्याच्या काठावर चारही कोपऱ्यांत सनमायकाचे दोन-दोन तुकडे एकावर एक ठेवावेत, त्यांवर वरची फळी टेकवावी आणि त्याच स्थितीत बाजूने स्क्रू मारावेत. मग तुकडे काढून टब आत-बाहेर सरकवून पाहावा. या पद्धतीत प्रत्येक खण प्रत्यक्ष टबावरून ठरतो, टेपने मोजताना होणारी चूक फळीमागून फळी वाढत जात नाही, आणि एखादा टब केसभर उंच निघाला तरी तोही सामावला जातो.

तरीही लाकूड आणण्यासाठी अंदाज हवाच. पाच साप आणि एक मोकळा टब, असे सहा खण धरू. प्रत्येक खणाची उंची १८२ मिमी म्हणजे एकूण १,०९२ मिमी, आणि १८ मिमी जाडीच्या सात फळ्यांचे १२६ मिमी. मिळून १,२१८ मिमी. ही उंची चार फुटी शीटच्या रुंदीत जेमतेम बसते. आतली रुंदी ४२४ ते ४२६ मिमी ठेवावी. दोन्ही बाजू अर्ध्या शीटमध्ये निघतात, उरलेल्या अर्ध्यात चारच फळ्या बसतात, म्हणजे एकूण दीड शीट लागेल. दुकानात १८ मिमी म्हणून मिळणारी शीट मोजली तर बहुधा थोडी कमी भरते, तेव्हा कापण्याआधी ती मोजून हिशेब पुन्हा करावा. चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे की नाही, हे समोरचे दोन्ही कर्ण मोजून पाहावे. कर्ण सारखे नसतील, तर टब एका बाजूला अडकेल आणि दुसऱ्या बाजूला फट उघडी पडेल.

फळ्यांसाठी एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड कोकणात वापरूच नये. पहिल्याच पावसाळ्यात ते फुगते आणि दोन मिलिमीटरचा हिशेब मोडतो. आयएस ७१० प्रतीचा मरीन प्लाय महाग पडतो, पण तोच घ्यावा. प्लायच्या कापलेल्या कडा सर्वांत जास्त ओल पितात, म्हणून जोडणीआधी त्यांना वॉटरप्रूफ पॉलिशचे दोन हात द्यावेत. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे असावेत. देवगडच्या खाऱ्या वाऱ्यात साध्या लोखंडी स्क्रूंची डोकी दोन पावसाळ्यांत गंजून तुटतात, आणि सैल झालेली फळी म्हणजे उघडे झाकण. पॉलिश आणि गोंद यांचा वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे निदान दोन-तीन आठवडे, रॅक पडवीत रिकामे राहू द्यावे. वाळवीचे औषध फवारण्याचा मोह टाळावा, कारण ही औषधे बंद जागेत सापांना घातक ठरतात. रॅकला १५ सेंमीचे पाय करून ते भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवले, तर वाळवी चढताना दिसते तरी.

टब मागे ढकलून बाहेर पडू नये म्हणून प्रत्येक खणाच्या मागे आडवी पट्टी ठोकावी. टब पकडता यावा म्हणून पुढचा काठ किंचित बाहेर राहिला तर सोय होते. मात्र बाहेर केवळ काठच आला पाहिजे, टबाचे तोंड फळीखालीच राहिले पाहिजे. रॅकच्या पुढून वरून खाली एक उभी पट्टी बिजागरीवर बसवून तिला कडी लावावी, म्हणजे सापाने आतून जोर लावला तरी टब पुढे सरकणार नाही.

हवेची छिद्रे टबाच्या उभ्या भिंतींना, वरच्या भागात आणि समोरासमोरच्या बाजूंना पाडावीत. पिल्लांसाठी तीन-चार मिलिमीटरचे छिद्र पुरे. सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने छिद्र पाडल्यास प्लास्टिकला तडा जात नाही, परंतु टोक टबाच्या आतून बाहेर न्यावे. वितळलेल्या प्लास्टिकची उठलेली धार ज्या बाजूला राहते, त्या बाजूला साप आपले नाक घासतो आणि थूथन सोलवटते. आतून बोट फिरवून प्रत्येक छिद्र गुळगुळीत असल्याची खात्री करावी. हे काम उघड्यावर करावे, धूर चांगला नसतो. टबाला छिद्रे आहेत पण रॅकची पाठ आणि बाजू बंद आहेत, अशी रचना निरुपयोगी. पाठीला फळीऐवजी बारीक भोकांची न गंजणारी जाळी मारावी.

गरम पट्टीबाबत माझे मत आपल्याला कदाचित अनपेक्षित वाटेल. बॉल पायथनला टबाच्या एका टोकाला ३१-३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २६-२७ अंश तापमान मिळाले पाहिजे. कॉर्न स्नेकला गरम टोक २८-२९ चे आणि थंड टोक २४ च्या आसपासचे पुरते. व्हिडिओ करणाऱ्यांच्या देशांत खोली थंड असते, म्हणून त्यांचा सगळा भर उष्णता देण्यावर असतो. किनाऱ्यावरच्या आपल्या घरांत वर्षातले बहुतेक महिने गरम टोक आपोआप मिळते, दुर्मीळ असते ते थंड टोक. एप्रिल-मे मध्ये घरातली हवाच ३३ अंशांवर जाते, तेव्हा पट्टी लावणे तर दूरच, रॅक कोठे ठेवले आहे यावर सापाचे आरोग्य ठरते. कौलांच्या लगेच खाली, पत्र्याच्या पडवीत, पश्चिमेच्या भिंतीला किंवा चुलीच्या भिंतीला लागून रॅक ठेवू नये. चिऱ्याच्या घरात माजघराची आतली भिंत सर्वांत थंड असते. तीच जागा निवडावी. गरम हवा वर चढत असल्याने सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा खण यांत एक-दोन अंशांचा फरक पडतो. म्हणून कॉर्न स्नेकला खालचे दोन खण द्यावेत आणि त्या खणांना पट्टी लावूच नये.

बॉल पायथनच्या खणांसाठी डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा पहाटे पारा विशीच्या आसपास उतरतो, पट्टीचा उपयोग होतो. ती घ्यायची असेल तर तिच्यावरचा व्होल्टेज आधी वाचावा. अमेरिकेत विकली जाणारी पट्टी ११०-१२० व्होल्टसाठी बनवलेली असते. ती आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात थेट जोडली, तर साडेतीनपटींहून अधिक उष्णता निर्माण होते आणि खाली लाकूड असते. याचा परिणाम वेगळा सांगायला नको. २३० व्होल्टची पट्टीसुद्धा थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेले तापमान राखणाऱ्या यंत्राशिवाय, कधीही लावू नये. फळीच्या मागच्या एक तृतीयांश भागात पट्टीच्या जाडीइतकी उथळ खाच घ्यावी, पट्टी तीत फळीच्या पातळीला बसवावी, म्हणजे टब सरकताना ती खरवडली जात नाही. थर्मोस्टॅटचा सेन्सर पट्टी आणि टबाचा तळ यांच्यामध्ये चिकटवावा. तो टबाच्या आत ठेवला तर साप त्याला हलवतो, पाण्याची वाटी त्यावर सांडते, आणि यंत्र थंडी समजून पट्टी तापवतच राहते. आतले खरे तापमान वेगळ्या थर्मामीटरने पाहावे.

वायरिंग वायरमनकडूनच करून घ्यावे, अर्थिंग असावे आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारी कळ, असावी. खाऱ्या हवेने जोड हिरवे पडतात, म्हणून दर दसरा-दिवाळीच्या सुमारास ते उघडून तपासावेत. वीज गेल्याची फार काळजी करू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातली गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती, पण त्या ऋतूत सापांना उष्णता द्यावीच लागत नाही. जपायचे ते वीज परत येते त्या क्षणी. तेव्हा व्होल्टेज उसळते आणि काही स्वस्त थर्मोस्टॅट आपली सेटिंग विसरून मूळ आकड्यावर जातात. वीज गेली की पट्टीचा प्लग काढावा आणि आल्यावर आकडा पाहूनच लावावा.

शेवटी एक आग्रहाचे सांगणे. ६० सेंमीचा टब पिल्लांना, आजारी सापाला वेगळे ठेवण्याला, नव्याने आलेल्या सापाच्या विलगीकरणाला उत्तम आहे. पूर्ण वाढलेला बॉल पायथन साधारण एक ते दीड मीटरचा होतो, कॉर्न स्नेकही तितकाच, आणि सापाला अंग सरळ पसरता आले पाहिजे असे मी मानतो. तेव्हा हे रॅक आपल्या सापांचे कायमचे घर समजू नये. मोठ्या पेटीसाठी माजघरात जागा आत्ताच राखून ठेवावी. एका टबात एकच साप, प्रत्येक टबात लपायला एक आडोसा आणि सहज न उलटणारी पाण्याची वाटी, यांत तडजोड नको.

प्रश्न : आमच्या रॅकमधील टबांच्या भिंतींवर जुलैपासून पाण्याचे थेंब जमतात. तळाला काथ्या अंथरला आहे. एका बॉल पायथनच्या पोटाचे खवले कडेने तपकिरी-गुलाबी दिसू लागले आहेत. या सापाला दमट हवा लागते असे वाचले होते. मग हे कशाने? शिवाय कात टाकण्याच्या दिवसांत सापाचे डोळे दुधाळ झाले की आम्ही काय करावे? – एक वाचिका, अलिबाग

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे, पण दमट हवा आणि ओली जमीन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बॉल पायथनला ५५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात अलिबागच्या हवेतच त्याहून अधिक आर्द्रता असते, त्यात टबातली पाण्याची वाटी आणि ओलावा धरून ठेवणारा काथ्या यांची भर पडते. भिंतीवरचे थेंब खाली उतरतात, काथ्याचा खालचा थर भिजतो, आणि साप दिवसरात्र त्याच ओलीवर पोट टेकवून राहतो. पोटाच्या खवल्यांचा रंग बदलणे ही खवले कुजण्याची सुरुवात असते. पुढे त्यांखाली पाणी भरलेले फोड येतात आणि संसर्ग रक्तात पसरू शकतो. म्हणून हा साप सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला याच आठवड्यात दाखवावा. घरातले मलम लावून वाट पाहू नये. तो तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल, श्वासाला शिटीसारखा आवाज येत असेल किंवा तोंडात चिकट लाळ दिसत असेल, तर त्याच दिवशी न्यावे, कारण तो फुप्फुसाचा विकार असतो.

इतर टबांतला काथ्या आजच काढून टाकावा आणि जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत वर्तमानपत्राचे कागद अंथरावेत. कागद दिसायला रुक्ष असतो, पण ओला झालेला चटकन कळतो आणि रोज बदलता येतो. काथ्या पुन्हा वापरायचा असेल तर तो दिवाळीनंतर, गोड्या पाण्यात अनेकदा धुऊन, कडक उन्हात वाळवून वापरावा. आपल्याकडे नारळाची सोडणे खाडीच्या खाऱ्या पाण्यात कुजवून काथ्या काढतात, त्यामुळे त्यात मीठ राहू शकते; आणि सोडणांच्या ढिगात मुंग्या आणि विंचू असतातच. भातगिरणीतले तूस किंवा सॉ-मिलचा भुसा घेऊ नये, त्याची धूळ श्वासात जाते. पाण्याची वाटी या चार महिन्यांत लहान ठेवावी आणि ती टबाच्या थंड टोकाला असावी. गरम टोकाला ठेवलेली वाटी दिवसभर वाफ देत राहते.

रॅकची पाठ बंद असेल तर ती उघडावी. खोलीत पंखा मंद चालू ठेवावा, मात्र त्याचा झोत टबांवर नको. प्लायला बुरशी धरली असेल तर साप दुसरीकडे हलवून, पाण्यात थोडे ब्लीच मिसळून फळ्या पुसाव्यात आणि वास पूर्ण गेल्यावरच टब परत ठेवावेत. पावसाळ्यात घरोघरी धूप-उदाचा धूर करतात, डासांची कॉइल लावतात, कपाटात डांबराच्या गोळ्या टाकतात. सापांच्या खोलीत यांपैकी काहीही चालणार नाही. डासांसाठी खिडकीला जाळी लावावी.

कात टाकण्याच्या दिवसांत डोळे दुधाळ झाले की आम्ही काय करावे, असेही आपण विचारले आहे. पावसाळ्यात काही करण्याची गरज नाही, हवेतला ओलावा पुरतो. जानेवारी-फेब्रुवारीत वारा कोरडा असेल, तर ओलसर शेवाळाची एक लहान डबी टबात ठेवावी आणि कात निघाली की ती काढून घ्यावी.

प्रश्न : टबांत लाल मुंग्या शिरतात. मुंग्यांचा खडू रॅकभोवती ओढला तर चालेल का? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : खडू ओढू नये. त्यात डेल्टामेथ्रिनसारखे कीटकनाशक असते आणि त्याची भुकटी हातावरून टबात जाते. आपल्या आज्या दुधातुपाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत असत, तेच येथेही करावे. रॅकचे चारही पाय पाण्याच्या पसरट वाट्यांत ठेवावेत, पाण्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडावेत म्हणजे डासांची अंडी पडत नाहीत, आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलावे. पायांच्या खालच्या टोकांना प्लास्टिकची टोपी बसवावी, नाहीतर लाकूड पाणी पिईल. भिंतीला टेकलेली एखादी वायर मुंग्यांचा पूल होते, तीही पाहावी. मुख्य म्हणजे न खाल्लेला उंदीर टबात रात्रभर राहू देऊ नये. मुंग्या बहुधा त्याच वासाने येतात. खाद्यासाठी गोठवलेले उंदीर घेऊन ते पूर्ण वितळवून द्यावेत. घरात पकडलेला उंदीर कदापि देऊ नये. त्याच्या पोटात विष असू शकते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टोस्पायरोसिसचा धोका असल्याने त्याला हात लावणे आपल्यालाही महागात पडू शकते.

प्रश्न : मुलाने कॉर्न स्नेकसाठी रॅक केले आहे. एखादा साप निसटला तर, या भीतीने घरातल्यांना झोप लागत नाही. शिवाय काजूच्या बागेत सापडलेले धामणीचे पिल्लूही त्याच रॅकमध्ये ठेवू म्हणतो. काय करावे? – एक वाचिका, गुहागर

उत्तर : धामणीचे पिल्लू आजच, जेथे सापडले तेथेच सोडून द्यावे. धामण, नाग, घोणस, अजगर यांसारखे आपले देशी साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत आणि ते पकडून घरी ठेवणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. रानातल्या सापाबरोबर गोचिडी आणि कृमीही येतात, आणि रॅकमध्ये त्या एका टबातून दुसऱ्यात पसरायला वेळ लागत नाही. मुलाला धामणीची ओढ आहे हे चांगलेच आहे. ती बागेत राहिली तर उंदीर खाईल आणि त्याला रोज दिसेलही.

निसटण्याची भीती मात्र मी हलकी मानत नाही, आणि तिचे कारण कॉर्न स्नेक नव्हे, कारण तो बिनविषारी आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्यांवर आणि कातळांवर फुरसे मुबलक आहे, घोणस आणि मण्यार घरात येतात, आणि पावसाळ्यात त्या कोरडी जागा शोधतात. मुलगा अंधारात रॅकमागे हात घालून आपला साप शोधू लागला आणि तेथे फुरसे असले, तर अनर्थ होईल. म्हणून घरात पक्का नियम करावा की टब रिकामा दिसला तर कोणीही हाताने शोधायचे नाही. आधी सगळे दिवे लावावेत, खोलीचे दार बंद करून खालच्या फटीला गोणपाट लावावा, बॅटरीच्या उजेडात काठीने सामान हलवावे, आणि जो साप दिसेल तो आपलाच असल्याची ओळख पटल्याशिवाय त्याला स्पर्श करू नये. ओळख पटली नाही तर अंतर राखून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.

प्रत्येक टबावर सापाचे नाव आणि फोटो चिकटवावा, म्हणजे घरातल्या कोणालाही ओळख पटेल. रॅकच्या खोलीच्या दाराला खाली रबराची पट्टी लावावी, मोरीच्या नळीवर जाळी बसवावी आणि कौलांच्या खाली भिंतीवर राहिलेली मोकळी जागा बंद करावी. झोपण्यापूर्वी मुलाने प्रत्येक टब बाहेर न ओढता पारदर्शक भिंतीतून साप पाहावा, पुढची उभी पट्टी कडीत घालावी, आणि ती घातल्याचे आपल्याला येऊन सांगावे. शेजाऱ्यांनाही सापांविषयी आधी कल्पना द्यावी. एखाद्या रात्री तो त्यांच्या पडवीत गेला, तर काठी उचलण्याआधी ते आपल्याला हाक मारतील.